प्रज्ञासाठी बंदूक

११ जानेवारी, शनिवार

सकाळी प्र.चा फोन. लेक अमेरिकेत नोकरीला लागून दोन वर्षं झाली, पण असलं काही पहिल्यांदाच मागितलं. "बाबा, मला शॉटगन घ्यायचीय. स्वस्तातली. टर्कीच्या शिकारीला."

टर्की म्हणजे तिकडचा मोठा रानपक्षी, मोराच्या खालोखाल अंगाचा. केलेबच्या वडिलांची, म्हणजे आमच्या होणाऱ्या व्याह्यांची, मिझुरीत जमीन आहे, कडेला रान. दर वसंतात घरातली सगळी माणसं शिकारीला जातात. यंदा हिला बोलावणं आलंय. म्हणजे मला घरात घेतलं बाबा, म्हणाली. आवाजात आनंद मावत नव्हता.

व्याह्यांची जुनी बंदूक तिला जड होते. स्वतःची हवी, पण बजेट थोडं. तुम्ही पोलादातले डॉक्टर, तुम्हीच बघून सांगा कुठली.

बघतो म्हटलं.

बायको, वै., ओट्याशी कांदा चिरत होती. तिला सांगितलं. सुरी थांबली. तुम्ही काय म्हणालात? बघतो म्हणालो. एवढंच म्हणालात?

मग तिनं कांदा पुढे चिरला. 


१२ जाने.

धड झोप नाही. देश सोडून बिशानला राहून पंधरा वर्षं झाली, भानादादाचं स्वप्न इथे कधी पडलं नव्हतं. काल पडलं. स्वप्न तरी कसलं, नुसती पाठ. बांधावरून पुढे चाललेला, मी मागे.

भानादादा माझा थोरला भाऊ. बंदुकीनं गेला. मी तेव्हा औरंगाबादला वसतिगृहात, अकरावीत. वै.ला एवढंच माहीत. प्र.ला 'अपघात' एवढंच. कसला ते तिनं विचारलं नाही. गाडीचा समजली असणार. मीही सांगितलं नाही.


१५ जाने.

जेवणाच्या सुट्टीत फोनवर बंदुका बघितल्या. ऑफिसच्या वायफायवर नाही, स्वतःच्या डेटावर. या देशात बंदूक हा शब्दसुद्धा जपून टाइप करतो माणूस. एका सहकाऱ्यानं कुठूनतरी रिकाम्या काडतुसाची किचेन आणली होती, चांगी विमानतळावर तासभर बसवून ठेवलं त्याला.

कळलं ते असं. बोअर, म्हणजे नळीचं माप, मुख्य दोन. बारा मोठी, वीस लहान. बारात छर्रे जास्त, खांद्याला दणका जास्त. सगळ्यात स्वस्त ती एकनळी, मधे मोडून एकच काडतूस भरायची. पण ती वजनाला हलकी, आणि बंदूक हलकी तेवढा धक्का जास्त. हे न्यूटनलाही चुकलं नाही. प्र. पाच फूट एक इंच. तिचा खांदा निळा होईल.

मग पंप. नळीखालचा दांडा मागे ओढून पुढे ढकलला की रिकामं काडतूस बाहेर, नवं आत. साधं यंत्र. वापरलेली मिळाली तर खिशाला परवडेल.

हे सगळं वाचताना मन शांत होतं. काम असलं की शांत असतं. 


१९ जाने., रविवार

सेम्बावांगला वंदना होती, आपल्यातल्याच एका घरी. दहा-बारा कुटुंबं. पंचशील म्हणताना पहिल्याच शीलाला अडखळलो. पाणातिपाता वेरमणी. प्राण्याची हत्या करणार नाही. शेजारी वै. स्वच्छ आवाजात म्हणत होती. माझे ओठ नुसते हलले.

परतताना एमआरटीच्या डब्यात म्हणाली, शीलाचं तुम्ही मला सांगू नका, स्टेशनखाली उतरलात की चिकन राइस खाता. शीलामुळे नाही हो भीती वाटत तुमची. मग कशामुळे, मी विचारलं.

"तुम्ही त्या बंदुका बघताना मान वाकडी करून बसता. कुणी मागून येतंय असे."

मला माहीत नव्हतं.


२४ जाने.

आज जे वाचलं ते लिहून टाकतो, नाहीतर डोक्यात राहील.

टर्कीची शिकार पळून करत नाहीत, बसून करतात. उजाडायच्या आत झाडाला पाठ लावून बसायचं, अंगावर पानांच्या रंगाचे कपडे, तोंड झाकलेलं, आणि मादीचा आवाज काढायचा. नर त्या आवाजावर येतो. जवळ आला की मारायचा.

धोका कुठला, तर हाच. दुसरा शिकारी तो आवाज ऐकतो. त्याला वाटतं टर्की. आवाजाच्या रोखानं येतो, झुडूप हललेलं बघतो आणि चाप ओढतो. म्हणून नियम, आवाजावर कधीच जायचं नाही. डोळ्यांनी पूर्ण पक्षी दिसल्याशिवाय बोट चापावर नाही.

लॅपटॉप मिटला. वै.ला सांगून खाली उतरलो. बिशान पार्कात जाऊन कालव्याकाठी बसलो. लोक पळत होते, एक म्हातारी कुत्र्याला ढकलगाडीतून फिरवत होती.

दादाचं असंच झालं. अगदी असंच.

दादा तित्तराचा आवाज काढायचा. तोंडानं, दोन बोटं ओठांच्या कडेला लावून. लहानपणापासून. कोणी शिकवला नव्हता. त्यानं साद दिली की माळावरून दोन-तीन ठिकाणांहून उत्तरं यायची. पाटलांकडे पाहुणे आले, शिकार ठरली, की दादाला बोलावणं. विचारणं नाही. भान्या, चल. आणि खरं सांगायचं तर दादाला जायला आवडायचं. गावात एरवी ज्या तोंडाला पाणीसुद्धा वरून ओतायचे, त्या तोंडाची तिथे वाहवा व्हायची.

त्या दिवशी तो तुरीच्या कडेला बोरीच्या झुडपामागे बसून साद देत होता. बाकीचे समोरच्या बाजूला. एक पाहुणा तालुक्याहून जीपनं उशिरा आला. दादा कुठे बसलाय हे त्याला कुणी सांगितलं नाही. तो नाल्याकडून, मागून आला. तित्तर ऐकलं. झुडूप हललं. दुनळी बारा बोअर.

तो माणूस दिवस मावळायच्या आत जीपमधून परत गेला. आमच्या घरी त्याचं नाव कुणी सांगितलं नाही. बाप मरेपर्यंत विचारत होता, कोण होता तो. फौजदार आला, वाड्यावर चहा प्याला, गेला. आणि गाव काय म्हणालं, तर इतका हुबेहूब आवाज काढायचा कशाला. तित्तरं फसतात तिथे माणूस फसला तर नवल काय.

म्हणजे चूक दादाचीच. फार चांगला आवाज काढला ही.

मी तिसऱ्या दिवशी पोचलो. काही उरलं नव्हतं बघायला.


३० जाने.

चायनीज न्यू इयरचा दुसरा दिवस. लिमकडे हौगांगला. लॅबमध्ये वीस पावलांवर बसतो माझ्या, पण घरी वर्षातून एकदाच जाणं. संत्री दिली-घेतली. वै.ला त्याच्या आईनं अननसाचे टार्ट बांधून दिले.

लिम क्ले शूटिंग करतो, मातीच्या उडत्या तबकड्यांवर. त्याला सहज विचारलं, वीस बोअरचा धक्का किती असतो. सहज काही विचारलं जात नाही माणसाकडून. तो बघत राहिला. मुलीसाठी म्हटलं. मग म्हणाला, आकड्यांवरून कळणार नाही डॉक्टर, खांद्यावरूनच कळेल. ओळखपत्र घेऊन ये, पाहुणा म्हणून नेतो, ट्रेनर असतो सोबत.

वै.नं टार्टचा डबा मांडीवर घट्ट धरला होता. 


९ फेब्रुवारी, रविवार

गेलो.

ट्रेनर निवृत्त सैनिक, मलाय गृहस्थ, फार मृदू. दस्ता खांद्याच्या खोबणीत कसा बसवायचा, गाल कुठे टेकवायचा, सगळं हातानं दाखवलं. वीस बोअर माझ्या हातात. थंड. वजन समजूतदार. नळीकडे बघितलं तेव्हा आधी पोलादच दिसलं, सवयीनं. मग बाकीचं.

पहिला बार कुठे गेला माहीत नाही. डोळे मिटले होते. दारूचा वास आला, आणि मला आईनं दाखवलेली ती चादर आठवली. मी आलो तेव्हा धुऊनही तिला असाच वास होता. घामानं शर्ट पाठीला चिकटला. लिम म्हणाला पुरे का. नाही म्हटलं.

चौथ्या बाराला तबकडी फुटली. हवेत नुसता धूर. ट्रेनर म्हणाला व्हेरी गुड सर.

आणि मला आवडलं. हे इथे लिहून ठेवतोय, दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही. छातीत काहीतरी उघडलं. आणखी एक, आणखी एक असं वाटलं. पुढच्या दोन फोडल्या.

घरी येताना बसमध्ये वाटलं, त्या जीपमधल्या माणसालाही झुडूप हललं तेव्हा असंच वाटलं असेल. मग स्टॉप चुकला. पुढे उतरून मागे चालत आलो.

वै.नं खांद्याला बाम चोळला. कसं होतं विचारलं. प्र.ला झेपेल, एवढंच म्हणालो.


१६ फेब.

ठरवलं. प्र.ला लिहून पाठवलं.

वीस बोअर. पंप. वापरलेली चालेल. नळी आखूड, दाट झाडीत लांब नळी अडकते. दस्ता आखूड करता येणारा, तिचे हात लहान. रंग काळा किंवा पानांचा, चकचकीत नको. नळीच्या तोंडाशी चोक बसवता आला पाहिजे, म्हणजे ते तोंड आवळणारी कडी, तिच्यानं छर्रे फार न पसरता एकवट जातात. घेण्याआधी नळीच्या आतला फोटो मागव, उजेड धरून. गंजाचे खळगे असतील तर नको, बाहेरून पुसून काढतात लोक. दांडा ओढताना अडकता कामा नये.

तिचं उत्तर लगेच, इथल्या बोलीतलं 'लाह' अजून सुटलेलं नाही. "वा! बाबा, यू आर द बेस्ट लाह." शिवाय तिचा व्हिसा कामाचा असला तरी शिकारीचं लायसन्स काढलं की बंदूक घेता येते, तेही काढून झालंय, त्यासाठी सुरक्षेचा कोर्स केला.

कोर्समध्ये ते शिकवलं असणार. आवाजावर जायचं नाही, ते. विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.


२ मार्च, रविवार

व्हिडिओ कॉल. केलेब आणि त्याचे वडील रॉयसुद्धा होते. रॉय म्हणजे उंच, वाकलेला माणूस, कमी बोलतो. वै.नं त्यांना हात जोडले, त्यांनीही जोडले, जरा उलटेसुलटे.

मग केलेब म्हणाला, प्रज्ञा, दाखव ना त्यांना. प्र. लाजली. म्हणाली, आवाज काढायला लाकडाची पेटी मिळते, घासली की वाजते, नाहीतर तोंडात ठेवायची पट्टी. सगळे शिकारी महिनोन्महिने सराव करतात. मला काही लागत नाही बाबा. नुसत्या घशानं येतो.

आणि तिनं काढला.

टर्की मी कधी ऐकलेली नाही. पण ते बरोबर होतं हे कुणी सांगायला नको होतं. खोलीत पक्षी होता. तिनं दोन बोटं ओठांच्या कडेला लावली होती.

रॉय म्हणाले, चाळीस वर्षांत असं ऐकलं नाही. हिला कुणी शिकवलं? कुणी नाही, ती म्हणाली. आमची मुलगी बोलवेल आणि आम्ही मारू, असं काहीतरी म्हणाले ते. कौतुकानं.

माझ्या हातून फोन खाली पडला. वै.नं उचलला, नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं आणि बंद केला.


३ मार्च

सिक लीव्ह. सकाळपासून पार्कात. इथे तित्तर नाही, मला पक्कं माहीत आहे. रानकोंबड्या आहेत, कोकीळ आहे, तिच्याबद्दल लोक टाउन कौन्सिलला तक्रारी करतात. पण नऊच्या सुमारास कालव्यापलीकडच्या उंच गवतातून तित्तर बोललं. तीनदा. मी पूल ओलांडून गेलो. गवत कापणारा एक बांगलादेशी माणूस होता, मशीन बंद करून पाणी पीत होता. त्याला हिंदीत विचारलं, अभी कोई पंछी बोला क्या. म्हणाला, नहीं साब.

दुपारी वै.ला सगळं सांगितलं. आवाजाचं. बोरीचं. सत्तावीस वर्षांच्या संसारात हा भाग सांगितलाच नव्हता.  शेवटी म्हणाली, प्रज्ञाला सांगा. मी म्हटलं, सांगितलं तर ती जाणार नाही. तिचं तिथलं घर...

"सांगितलं नाही आणि ती गेली, तर?"


८ मार्च

आईला फोन केला. आई संभाजीनगरला माझ्या बहिणीकडे असते. कान गेलेत, पण फोनवर नीट ऐकते. पोरीला भानाचं सांगू का, विचारलं.  आई म्हणाली, तिच्या गळ्यात आलाय व्हय त्यो? मी हो म्हटलं.

"मग सांग बाबा. त्याचा जलम झाला तसाच गेला. कुनाला म्हाईतच न्हाई त्यो कसा बोलायचा."

आईला रडताना ऐकून किती वर्षं झाली.


१५ मार्च, शनिवार

सांगितलं. तिच्याकडे शुक्रवार रात्र होती, इकडे सकाळ. वै. शेजारी बसली होती, माझं मनगट धरून.

सरळ सांगितलं. दादा कोण होता, कसा बोलायचा, कसा गेला, गाव काय म्हणालं. प्र. ऐकत होती. ती लहानपणापासून ऐकताना खालचा ओठ दातात धरते, तसाच धरला होता.

संपल्यावर पहिलं काय विचारलं, तर "त्या माणसाचं नाव काय होतं?" माहीत नाही म्हटलं. म्हणजे कुणालाच माहीत नाही? असेल कुणाला तरी. आम्हाला नाही.

मग म्हणाली, तुम्ही मला बंदूक निवडून दिलीत. हे सगळं माहीत असताना. का?

काय सांगणार. तू मागितलीस म्हणून, म्हणालो. खरं तेच आहे. तिनं मागितलं आणि मला देता आलं नाही असं आजवर झालं नाही. त्या तोऱ्यात मी होतो.

रागावली नाही. रागावली असती तर बरं. "आय नीड टु थिंक, बाबा" म्हणून फोन ठेवला.


२३ मार्च

आठवडा झाला, नुसते गुड मॉर्निंगचे मेसेज. वै. रोज रात्री फोन उलटा करून ठेवते आणि पहाटे आधी तोच बघते.

आज रॉयचा फोन आला. एकटाच. प्र.नं त्याला सांगितलंय. त्याचं इंग्लिश मला नीट कळत नाही, सगळे शब्द एकमेकांत बांधलेले. पण तो सावकाश बोलला. म्हणाला, आमच्याकडेही दर वर्षी कुठेतरी एक घर असं असतं. मी तीन गोष्टी सांगतो. माझ्या रानात त्या दिवशी आम्ही तिघंच, फाटक बंद, शेजाऱ्यांना कळवून ठेवतो. ती ज्या झाडाला पाठ लावेल ते तिच्या खांद्यांपेक्षा रुंद असेल, मागून काही येणार नाही. आणि ती आवाज काढेल तेव्हा मी तिच्या उजव्या हाताला असेन. तिच्या पुढे केलेबसुद्धा जाणार नाही.

नंतर म्हणाला, तुम्ही नको म्हणालात तर ती येणार नाही. तिनं मला तसं सांगितलंय. तुम्हाला नाही सांगणार, म्हणून मी सांगतो.

 थँक यू म्हणालो बहुतेक.

वै.ला म्हटलं, आता सगळं माझ्यावर आलं. ती म्हणाली, आधीपासून होतं.


२९ मार्च

वर्षानुवर्षं मी एकच विचार केला, की दादानं जायला नको होतं. आज भाजी आणताना मनात आलं, त्यानं का जाऊ नये? त्याला जे येत होतं ते कुणाला येत नव्हतं. जायला नको होतं त्या दुसऱ्यानं. नाल्याकडून.

इतकी साधी गोष्ट. गावाचंच म्हणणं मी इतकी वर्षं मनात धरून बसलो होतो, इथे येऊनसुद्धा.

प्र.ला लिहिलं, जा.

 परत घेता येत होता मेसेज. घेतला नाही.


५ एप्रिल

बंदूक मिळाली. एका म्हाताऱ्या बाईची, नवऱ्याची होती, तो गेला. आत नळी आरशासारखी. प्र.नं फोटो पाठवले, मी मोठे करून बघितले. वेल्ड, दांडा, चोकचे आटे. कुठेही खोट नाही. खोट सापडावी म्हणून बघत होतो की काय.

बाकी फोटोंत एक कागद. त्यावर टर्कीचं डोकं आणि मान छापलेली, तिनं मारलेले छर्रे मानेत दाट बसलेले. खाली तिनं लिहिलंय, "चोक मस्त काम करतोय बाबा!" दादाला छर्रे असेच बसले असतील हे तिच्या लक्षात आलं नाही. का यावं.

तो फोटो वै.ला दाखवला नाही. पण पुसलाही नाही.


१४ एप्रिल, जयंती

काल रविवारी कार्यक्रम झाला, मुलांची भाषणं, खीर, गर्दी. आज रजा घेऊन घरीच. संध्याकाळी प्र.चा फोन, तिकडे पहाट. आईलाही जोडून घेतलं तिनं संभाजीनगरहून. तीन पिढ्या एका पडद्यावर, आईचं फक्त कपाळ दिसत होतं.

कोर्समधला एक नियम तिनं सांगितला. रानात दुसरा शिकारी जवळ येताना दिसला तर हात हलवायचा नाही, उठायचं नाही, पक्ष्याचा आवाज तर मुळीच काढायचा नाही. माणसाच्या आवाजात मोठ्यानं ओरडायचं. काय ओरडायचं, वै.नं विचारलं. काहीही चालतं आई. मी विचार केला, तेव्हा घाबरले तर इंग्लिश सुचणार नाही मला. मग मी मराठीतच पाठ केलंय.

"काय?"

"माणूस आहे इथं."

 आईला ऐकू गेलं नसेल वाटलं. गेलं होतं. म्हणाली, आनखी मोठ्यानं म्हन. प्र. म्हणाली. आनखी. प्र.नं तिच्या अपार्टमेंटमध्ये पहाटे पाचला ओरडून म्हटलं, शेजारच्यांनी भिंत ठोकली असणार.

मग आईनं विचारलं, रानात कोन कोन जानार हाय. प्र. म्हणाली आम्ही तिघं. नावं सांग समद्यांची. केलेब. त्याचा बाप रॉय. आडनाव सांग. सांगितलं. आईनं ती नावं दोनदा म्हणून घेतली, जिभेवर बसेपर्यंत. बहिणीला म्हणाली, तूबी ध्यानात ठेव.


२६ एप्रिल, शनिवार

आज तो दिवस. तिकडची पहाट म्हणजे इकडची संध्याकाळ.

दुपारपासून घरात काम काढून बसलो. पंखे पुसले. सिंकखालची गळती बघितली, वॉशर बदलला. वै.नं वरण-भात लावला, मग गॅस बंद करून तसाच ठेवला.

साडेसहाला मेसेज. 'बसलो आम्ही. झाड हत्तीएवढं आहे. आता फोन बंद.' सोबत फोटो, अंधारात काहीच दिसत नाही, फक्त रॉयच्या टोपीची कड.

वै. आणि मी खाली उतरलो. ब्लॉकच्या खाली बाकावर. समोर पोरं बॅडमिंटन खेळत होती, शेजारच्या चायनीज काकूंनी नेहमीसारखं विचारलं, जेवलात का. हो म्हटलं.

वै. म्हणाली, आत्ता काय करत असेल. बसली असेल. बोलत असेल का? अजून नसेल, आधी उजाडू देतात, मी म्हटलं. पक्षी झाडावरून खाली उतरला की मग.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, आता उजाडलं असेल?

घड्याळ बघितलं. हो. उजाडलं असेल.

म्हणजे आता बोलत असेल ती.

हो.

तिनं माझा हात धरला. फोन दोघांच्या मधे बाकावर, पडदा वर करून. पोरांची आई वरून हाक मारते, पोरं जात नाहीत. आकाश अजून उजळ आहे. हे मी बाकावर बसूनच लिहितोय, वै. म्हणाली लिहा, तेवढंच.

अजून काही नाही.